कारवारचा ताळेबंद

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेच्या मुलाने प्रवासवर्णन लिहिले की त्यात निसर्ग कमी आणि तिकिटाचे दर जास्त असतात, असे कलाशाखेतले आमचे मित्र म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आठ दिवस कारवारला मावशीकडे राहिलो, आणि तेथे निसर्ग आणि व्यापार ही दोन खाती वेगळी काढताच येत नाहीत असे मला दिसले. म्हणून हा लेख. आपण बेळगावकर समुद्र म्हटला की गोव्याची वाट धरतो. त्याच गोव्याची हद्द जेथे संपते तेथून थोड्याच अंतरावर असलेले हे लहानसे बंदराचे गाव मात्र आपल्या यादीत सहसा नसते. वाचकहो, ते यादीत घाला.

बेळगावहून बस खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करीत अणशीच्या घाटाने कद्र्याला उतरते. भाषा कशी बदलते हे या एकाच बसमध्ये बसल्या जागी ऐकायला मिळते. खानापूरपर्यंत मराठी, मग कंडक्टरची ‘मुंद होग्री, मुंद होग्री’ ही कन्नड सर्वांच्या पाठीत, आणि कद्र्यानंतर चढणाऱ्या बायांच्या टोपल्यांबरोबर कोंकणी. कारवारात घरात कोंकणी, कचेरीत कन्नड आणि देवळातल्या भजनात मराठी असा सरळ कारभार आहे. मराठी शाळेत शिकलेल्या आणि कन्नडही बोलणाऱ्या माझ्यासारख्याला तेथे परके वाटत नाही. कोंकणी तेवढी दोन दिवसांनी कानाला लागते.

गावाची रचना सोपी आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला काळी नदीचे मुख आणि दक्षिणेला बैतखोलचे बंदर. समोर समुद्रात बेटे आहेत, त्यामुळे पाण्याला आडोसा मिळतो. रिक्षावाल्याला न विचारता पायी फिरता येते.

पहिल्या दिवशी मावसभाऊ मला नदीपलीकडे सदाशिवगडावर घेऊन गेला. हा शिवाजी महाराजांचा किल्ला, असेच मी लहानपणापासून ऐकले होते. प्रत्यक्षात तो सोंद्याच्या राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला आणि त्याला आपल्या वडिलांचे, सदाशिवाचे, नाव दिले. महाराजांचा कारवारशी संबंध मात्र खराच आहे, आणि तो वाणिज्याच्या विद्यार्थ्याला अधिक आवडावा असा आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत बसरूरची आरमारी मोहीम आटोपून परतताना महाराज कारवारला आले. गाव वाचवण्यासाठी तेथल्या व्यापाऱ्यांनी खंडणी गोळा केली, आणि तीत इंग्रज वखारवाल्यांनी आपला वाटा म्हणून ११२ पौंड भरले. इंग्रजांची वखार तेथे १६३८ पासून होती. घाटावरची मिरी आणि हुबळीकडचे तलम कापड ते येथून नेत. म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाडकडचा माल जगाच्या बाजारात गेला तो याच खाडीतून.

गडावरून काळी नदी समुद्राला मिळताना दिसते, आणि खाली गोव्याकडे जाणारा महामार्गाचा पूल दिसतो. येथे पूर्वी दोन पूल होते. त्यांतला सुमारे चाळीस वर्षांचा जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला. एक ट्रक नदीत पडला. चालक मात्र वाचला. मावसभाऊ म्हणाला, “सकाळी उठलो तर पूल नाही. लहानपणापासून बघितलेली वस्तू अशी नाहीशी झाली की माणूस गेल्यासारखे वाटते.” पुलाच्याही आधी येथे तर चालत असे. मावशीचे माहेर बेळगावकडचे, तेव्हा सासरची नातीगोती जोडायला ती पहिल्यांदा सदाशिवगडला गेली ती सासूबाईंनी सांगितलेल्या तरीच्या गोष्टी ऐकत, असे ती हसत सांगते.

गावाचा समुद्रकिनारा रवींद्रनाथ टागोरांच्या नावाचा आहे, आणि हे नाव उगीच दिलेले नाही. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ, म्हणजे आयसीएस झालेले पहिले भारतीय, कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. १८८३ साली बावीस वर्षांचे रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले आणि येथेच त्यांनी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहिले. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा मुलगा भावाकडे सुट्टीला येतो आणि नाटक लिहून परततो! मी मावशीकडे येऊन काय लिहिले, तर हा लेख.

किनाऱ्यावरच ‘चपळ’ ही नौदलाची निवृत्त क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. आत शिरून पाहता येते. बोळ इतके अरुंद की खांदे तिरके करून चालावे लागते. शेजारी रामा राघोबा राणे यांचा पुतळा आहे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे हे सुपुत्र. १९४८ च्या एप्रिलमध्ये काश्मीरात राजौरीच्या वाटेवर गोळीबार चालू असताना सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना रस्ता मोकळा करून दिला. परमवीरचक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले. मुलांची झुंबड नौकेवर असते, पुतळ्यापुढे गर्दी कमी. जाल तेव्हा तेथे दोन मिनिटे थांबा.

पण किनाऱ्यावर सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट तिकीट लावून दाखवलेली नाही. ती म्हणजे रांपण. होडीतून भले लांबलचक जाळे समुद्रात अर्धचंद्रासारखे टाकतात आणि मग दोन्ही टोके धरून माणसांच्या दोन रांगा ते वाळूवर ओढत आणतात. मावशीच्या शेजारचे आबा जन्मभर हेच करत आले. त्यांनी मला पाहून हाक मारली, “यो, हात लाय!” मी अर्धा तास दोर ओढला. तळहात सोलून निघाले, आणि शेवटी एका पिशवीत आठ-दहा बांगडे माझ्या हातात आले. मी नको म्हणत होतो. आबा म्हणाले, “दोराला हात लावला त्याचा वाटा असतोच.” जाळे एकाचे नसते. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा, सगळे ठरलेले. भागीदारीचा कायदा १९३२ चा आम्ही पाठ करतो, पण भागीदारी म्हणजे काय हे मला त्या वाळूवर कळले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून या किनाऱ्यावर यांत्रिक पर्ससीन होड्या वाढल्या आणि रांपणी कमी होत गेल्या. ज्या उरल्या आहेत त्या पावसाळा संपल्यावर पाहायला मिळतात.

सकाळी मासळीबाजारात जरूर जा. विकणाऱ्या साऱ्या बाया. त्यांचे तोंडी हिशेब आमच्या कॅल्क्युलेटरच्या आधी पूर्ण होतात. बांगडा, नोगली, सुंगटे, तिसऱ्या घ्या आणि कोणाच्या घरी तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी मिळाली तर दुसरे काही मागू नका. बेटांवर जायचे तर होडी ठरवावी लागते. देवगड बेटावर १८६४ चा दीपस्तंभ आहे. कूर्मगडावर नरसिंहाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. २१ जानेवारी २०१९ रोजी त्या जत्रेहून परतणारी होडी उलटून लहान मुलांसह अनेक भाविक बुडाले. तेव्हापासून मावशी कोणालाही बेटावर जाताना अंगात तरंगजाकीट आहे की नाही हे स्वतः विचारते. तुम्हीही विचारा.

आता बंदराकडे येतो. मावशीचे यजमान, आमचे काका, एका क्लिअरिंग एजंटाकडे कारकून होते. एका संध्याकाळी ते मला बैतखोलच्या मच्छीमारी धक्क्यावर घेऊन गेले आणि पलीकडच्या व्यापारी धक्क्याकडे बोट दाखवून त्यांनी मला कारवारचा सारा इतिहास एका दमात सांगितला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा धारवाडकडचा कापूस बाहेर काढायला कारवार मोठे करायचे ठरले. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला. घाटातून रस्ते झाले. आता कारवार दुसरी मुंबई होणार असे लोक म्हणू लागले. पण रेल्वे आली ती मुरगावला. १८८८ च्या सुमारास ती लाईन सुरू झाली आणि कापूस तिकडे वळला. हुबळीहून अंकोल्याला येणाऱ्या रेल्वेची चर्चा आमच्या आधीच्या पिढीने ऐकली, आम्हीही ऐकतो आहोत. मग या शतकाच्या आरंभी बळ्ळारीचे लोहखनिज आले. घाटातून रात्रंदिवस लॉऱ्या, रस्त्यावर तांबडी धूळ, पण हातात पैसा. २०१० साली राज्य सरकारने खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली. काकांच्या साहेबांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग माणसे कमी केली. काकांकडे जहाजांची नावे लिहिलेल्या जुन्या डायऱ्या अजून आहेत. २०१० नंतरची डायरी त्यांनी विकत घेतली नाही.

नंतर बंदराच्या विस्ताराची योजना पुढे आली. समुद्रात लांब लाटरोधक बांध घालायचा होता. २०२० च्या जानेवारीत टागोर किनाऱ्यावर मच्छीमारांनी मोठे आंदोलन केले, बाया-माणसे पाण्यात उतरली, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. आबा त्या आंदोलनात होते. काका नव्हते.

हे दोघे बालमित्र. रोज संध्याकाळी आमच्या मावशीच्या कट्ट्यावर बसतात. पाऊस, निवडणूक, गुडघेदुखी, सगळ्यांवर बोलतात, पण बंदराचा विषय काढत नाहीत. त्या आठवड्यात तो निघाला, कारण मावसभाऊ पुण्याला चालला होता. तो बी.कॉम. झाल्यापासून पहाटेच्या गाडीने मडगावला जाऊन एका गोदामात बिले लिहीत असे. आता पुण्यात नोकरी लागली होती.

काका म्हणाले, “बंदर चालले असते तर याला पुण्याला कशाला जावे लागले असते?”

आबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, नौदलाच्या तळाला तेरा गावांची जमीन गेली. देशाचे काम म्हणून आपल्या लोकांनी दिली. आता ही एवढी वाळू राहिली आहे. तीही गेली तर रांपण काय डोंगरावर ओढू? तुझा एक मुलगा पुण्याला जाईल. माझे तिघे कुठे जातील?”

कोणीच काही बोलले नाही. मावशीने आतून चहा पाठवला. दोघांनी प्याला, आणि आबा नेहमीपेक्षा लवकर उठले.

रात्री गच्चीवर मावसभाऊ मला म्हणाला, “दोघेही माझ्याच पिढीसाठी भांडतात. पण मला कोणी विचारत नाही.”

मी विचारले, “मग तुला काय हवे?”

“पहाटे चारचा गजर नको. आणि रात्री घरी जेवायला मिळावे. एवढेच.”

त्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. टागोर किनाऱ्याची मोकळी वाळू, रांपण, पायी फिरता येणारे गाव, हे सारे पाहायला आपण कारवारला जातो. ते आज पाहायला मिळते, कारण कारवारचे बंदर प्रत्येक वेळी मोठे होता होता राहिले. पण त्याची किंमत तेथल्या मुलांनी पहाटेच्या गाडीत बसून भरली आहे. उद्या बंदर मोठे झाले तर किंमत दुसऱ्या घरातली मुले भरतील. आमच्या पुस्तकात जी वस्तू विकत घेतलेली नाही ती मालमत्तेत धरत नाहीत. वाळू कोणी विकत घेतलेली नाही, म्हणून योजनेच्या हिशेबात ती शून्य रुपयांना धरली जाते. आणि मुलगा घरी जेवतो याची किंमत कोणत्याच बाजूच्या हिशेबात येत नाही. काका चुकीचे आहेत असे मला म्हणता येत नाही, आबा चुकीचे आहेत असेही नाही. दोघांनाही आपापला हिशेब बरोबर येतो, तो दोघांनी एका कागदावर मांडलेला नाही एवढेच. तो मांडणारा कोणी उद्या आमच्या वर्गातून निघाला, तर बी.कॉम.ची तीन वर्षे सत्कारणी लागली असे मी समजेन.

मावसभाऊ भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेला. स्टेशनवर पोचवायला काका आले आणि आबाही आले. आबांनी वाटेत खायला म्हणून सुक्या मासळीचा डबा बांधून आणला होता. काकांनी तो स्वतः बॅगेत नीट उभा ठेवला.

तेव्हा मित्रहो, पाऊस संपला की कारवारला जा. गड चढा, ‘चपळ’मध्ये खांदे तिरके करून हिंडा, रांपण दिसली तर दोराला हात लावा. संध्याकाळी बैतखोलच्या धक्क्यावर कोणी वयस्क माणूस एकटा उभा दिसला तर पूर्वी येथे कोणकोणती जहाजे येत असत ते त्याला विचारा. नावे त्याला तोंडपाठ असतील, आणि विचारणारा भेटला म्हणून त्याला बरे वाटेल.