यशस्वी जॉबचा लॉग

डेटाबेसमधला ठरल्या वेळी चालणारा जॉब फेल झाला की सगळे धावून येतात. मला जास्त काळजी वाटते ती 'सक्सीडेड' म्हणून निसटून जाणाऱ्या ओळींची.

ओरॅकलमधलं जुनं डीबीएमएस_जॉब हे पॅकेज रनचा इतिहास ठेवतच नसे. लागोपाठ 16 वेळा फसला की जॉब 'ब्रोकन' ठरायचा, बस्स. 10जी आवृत्तीत डीबीएमएस_शेड्युलर आलं आणि रनागणिक नोंद राहू लागली. डीबीए_शेड्युलर_जॉब_रन_डिटेल्स हा व्ह्यू उघडला की स्टेटस, एरर नंबर, लागलेला वेळ, 'अ‍ॅडिशनल इन्फो'मधला एररचा मजकूर, सगळं ओळीनं दिसतं.

बहुतेक जण स्टेटस बघून थांबतात. मी आधी दोन वेळा एकमेकींशी ताडून बघतो: जॉब सुरू कधी व्हायला हवा होता आणि झाला कधी. 2 वाजताचा जॉब 2.20 ला सुरू होत असेल, तर तो कशासाठी खोळंबला? मग 'रन ड्युरेशन'. दहा मिनिटांचं काम महिन्याभरात चाळीस मिनिटांवर गेलं, तरी स्टेटस तेच राहतं. टेबल फुगलेलं असतं, नाहीतर एक्झिक्युशन प्लॅन बदललेला असतो.

स्टेटसवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. प्रोसीजरच्या शेवटी कुणी 'व्हेन अदर्स देन नल' लिहून ठेवलं असेल, तर आलेली एरर तिथेच गिळली जाते. शेड्युलरपर्यंत काहीच पोचत नाही आणि तो प्रामाणिकपणे 'सक्सीडेड' लिहितो. म्हणून किती रो प्रोसेस झाल्या, हे प्रोसीजरनं स्वतःच्या टेबलात नोंदवलंच पाहिजे.

आणि जो जॉब चाललाच नाही, त्याची या व्ह्यूत ओळच नसते. कुणी डिसेबल करून विसरलेला जॉब सापडायचा, तर सुरुवात डीबीए_शेड्युलर_जॉब्ज या व्ह्यूपासून करावी आणि लॉग आउटर जॉइननं जोडावा.

या नोंदी टिकण्याची मुदतही ध्यानात ठेवायला हवी. 'लॉग_हिस्टरी' मुळात 30 दिवसांची असते. तिमाही जॉब बिघडतो तेव्हा तुलनेसाठी मागचा रन केव्हाच पुसला गेलेला असतो. अशा जॉबसाठी वेगळा जॉब क्लास करून मुदत वाढवता येते.

तुमच्याकडे रात्रीचे जॉब असतील, तर उद्या सकाळी फेल झालेल्यांबरोबर यशस्वी ओळीही वाचा. फेल झालेला जॉब स्वतः ओरडून सांगतो; बाकीच्यांची चौकशी आपणच करायची असते.