रविवारचा सामना

"रविवारी?" आईने एवढेच विचारले आणि चुलीवरचे भांडे खाली उतरवले.

तो काही बोलला नाही. बोलण्यासारखे होते तरी काय? सामना रविवारी होता, ३० एप्रिल २०१७ रोजी, आणि ती तारीख ठरवणारे लोक दूर दिल्लीत बसलेले होते. मिझोरामात रविवारी फुटबॉल खेळत नाहीत. नुसते फुटबॉलच नव्हे, रविवारी ऐझॉलमध्ये दुकान उघडत नाही, टॅक्सी धावत नाही, बाजार भरत नाही. सकाळी रविवारची शाळा, दुपारी उपासना आणि अंधार पडल्यावर पुन्हा उपासना. या घरात तर रविवारी टीव्हीवर कापड टाकलेले असे. त्याचे वडील हयात होते तेव्हाही हीच रीत होती. वडील फुटबॉलचे वेडे, शनिवारी त्याला हाताला धरून आसाम रायफल्सच्या मैदानावर, म्हणजे लाममुआलला, घेऊन जात. पण रविवारी जगात कुठे काय झाले, हे ते सोमवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतल्यावरच विचारत.

आता तो चाळिशीला टेकलेला, शाळेत गणित शिकवणारा माणूस. इतक्या वर्षांत त्याने एकही सामना रविवारी पाहिलेला नव्हता.

पण हा सामनाही काही रोजचा नव्हता. ऐझॉल एफसी हा १९८४ साली सुरू झालेला गावचा क्लब. आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, तो आय-लीगमधून खाली ढकलला गेला होता. मग गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतले, जागा रिकामी झाली आणि ऐझॉलला पुन्हा आत घेतले गेले. म्हणजे नापास झालेल्या मुलाला वरच्या वर्गात बसू द्यावे, तसे. त्या मुलाने वर्गात पहिला नंबर काढण्याची वेळ आणली होती! आठच दिवसांपूर्वी, २२ एप्रिलला, ऐझॉलमध्ये मोहन बागानला १-० असे हरवले होते. सामना संपत आला असताना झोमिंगलियाना राल्टेने डोक्याने गोल मारला, तेव्हा आमचे मास्तर शेजारच्या अनोळखी पोलिसाच्या गळ्यात पडले होते. आता शेवटचा सामना शिलाँगला, लाजाँगविरुद्ध. ऐझॉलचे ३६ गुण, बागानचे ३३. बरोबरी साधली तरी पुरे होती. हरले आणि तिकडे कोलकात्यात बागान जिंकले, तर मात्र हाताशी आलेले जाण्याची भीती. ईशान्येकडच्या एकाही क्लबने तोवर देशाची लीग जिंकलेली नव्हती.

"नू," तो अखेर म्हणाला. मिझो भाषेत आईला नू म्हणतात. "उपासना चुकवणार नाही. शिलाँगला आपले चर्च आहे."

"चर्चमधून उठून मैदानावर जाणार?"

"हो."

आईने भात आणि डुकराचे मटण पानात बांधले, वर थोडी चटणी ठेवली. मग आत जाऊन कपाटातले जाडे पुआन आणले. पुआन म्हणजे हातमागावर विणलेले वस्त्र. बायका ते कमरेला नेसतात आणि थंडीत कुणीही अंगावर घेते. हे वडिलांचे होते. "शिलाँगला थंडी असते," ती म्हणाली. जा असेही म्हणाली नाही आणि जाऊ नकोस असेही नाही. आया असेच करतात आणि मुलगा मग चारशे किलोमीटर त्याचा अर्थ लावत बसतो.

ऐझॉल ते शिलाँग हे अंतर नकाशावर फार दिसत नाही. पण मध्ये डोंगर आहेत. आपल्याकडे घाट चढला की पठार लागते. इथे घाट उतरला की दुसरा घाट सुरू होतो. प्रवासाचे साधन म्हणजे टाटा सुमो. पुढे ड्रायव्हरशेजारी दोघे, मध्ये चौघे, मागे चौघे, आणि टपावर सगळ्यांचे सामान ताडपत्रीखाली. पुढची जागा मिळायला नशीब लागते. त्याला मागची मिळाली, चाकाच्या वरची, जिथे गुडघे हनुवटीला लागतात. त्या दिवशी काउंटरवर झुंबड होती. जो तो शिलाँगचे तिकीट मागत होता, आणि कशासाठी जाता हे कुणी कुणाला विचारत नव्हते. रविवारच्या सामन्याला निघालेली माणसे जरा खालच्या आवाजातच बोलत होती.

गाडी दुपारी सुटली. शनिवारीच सुटायला हवी, रविवारी मिळणार नाही. कोलासिबला चहा झाला. तिथून पुढे बांबूची बने, भाताची खाचरे आणि वळणांमागून वळणे. वैरेंगटेला मिझोरामची हद्द संपते. बाहेरून येणाऱ्याला इथे इनर लाइन परमिट दाखवावे लागते, जाणाऱ्याला कुणी अडवत नाही. फाटक ओलांडले आणि पलीकडे लैलापूरला आसाम सुरू झाले. एकदम सपाटी, दमट उकाडा आणि डास. मध्यरात्र व्हायची होती. म्हणजे रविवार सुरू झाला तेव्हा तो आपल्या राज्यात नव्हता. हा हिशोब त्याने मनात दोनदा केला. गणिताचा मास्तर तो! हिशोब बरोबर होता, पण मन काही शांत होईना.

शेजारी बसलेले साठीचे गृहस्थ चर्चमधले एल्डर निघाले. एल्डर म्हणजे मंडळीचा वडीलधारा, मान मोठा. त्याने अदबीने "चिबाइ, का पु" म्हटले आणि अंग चोरून जागा करून दिली. मग बराच वेळ दोघेही खिडकीबाहेर पाहत राहिले. सिल्चर मागे पडल्यावर एल्डरांनी कुहवा पुढे केला. कच्ची सुपारी, पान आणि चुना.

"शिलाँगला काही काम?" एल्डरांनी विचारले.

"मामेभाऊ शिकायला असतो तिथे. त्याला भेटायचंय." खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. "आणि आपलं, का पु?"

"मुलगी असते."

पुन्हा शांतता. गाडी खड्ड्यातून उसळली, तसा एल्डरांच्या मांडीवरचा झोळा कलंडला आणि आतून लाल मफलर बाहेर आला, त्यावर क्लबचे नाव. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. एल्डर हसले नाहीत. त्यांनी मफलर घडी करून परत झोळ्यात ठेवला आणि म्हणाले, "मुलगी खरंच असते तिथे."

मेघालयात शिरताना सोनापूरचा बोगदा येतो. इथला डोंगर पावसाळ्यात खाली येतो, म्हणून रस्त्यावर काँक्रीटचे छप्पर बांधले आहे. एप्रिलअखेरीस वळवाचा पाऊस सुरू झालेला असतोच. बोगद्याच्या अलीकडे चिखलात एक ट्रक रुतला होता आणि त्याच्यामागे दिव्यांची रांग लागली होती. पहाटेचे तीन वाजले, साडेतीन झाले, चार झाले. ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोके टेकून झोपला. मागच्या सुमोतली पोरे खाली उतरून ट्रक ढकलायला गेली, आणि आमचे मास्तरही पँट दुमडून त्यांच्यात मिसळले. थंड चिखल पोटऱ्यांपर्यंत. शाळेतल्या मुलांनी हे दृश्य पाहिले नाही हे बरेच झाले. एल्डर टॉर्च धरून उभे होते. साडेपाचच्या सुमारास ट्रक हलला, तेव्हा पूर्व उजळली होती. त्याने चिखलाचे हात गवताला पुसले, आणि त्याला आठवले, आज रविवार.

खलिहरियातला कोळशाचे ट्रक, जोवाईला धुके, आणि मग पाइनची झाडे लागली. शिलाँगला पोचायला साडेदहा वाजून गेले. मामेभाऊ स्टँडवर उभा होता, तिकीट खिशात घेऊन.

"ऊ, किती उशीर!" तो म्हणाला. मोठ्या भावाला मिझोत ऊ म्हणतात. "चल, आंघोळ, जेवण आणि थेट मैदान. नंतर जागा मिळणार नाही."

"आधी चर्च."

"आज?"

"आज रविवार आहे ना?"

शिलाँगमध्ये मिझो लोकांची जुनी वस्ती आहे. शिकायला आलेली, नोकरीला आलेली माणसे तिथेच राहिली. दुपारच्या उपासनेला चर्च खच्चून भरले होते. खुआंग, म्हणजे मिझो ढोल, घुमू लागला आणि गाणे सुरू झाले. मिझो माणसे गातात तेव्हा आवाज चार पट्ट्यांत आपोआप वाटला जातो, कुणाला शिकवावे लागत नाही. त्याने डोळे मिटले. प्रार्थनेत त्याने विजय मागितला नाही. रविवारी देवाकडे गोल मागणे त्याच्या धैर्याबाहेरचे होते. त्याने आईची तब्येत मागितली, वर्गातल्या एका अडखळणाऱ्या मुलाचे पास होणे मागितले, आणि शेवटी नुसता थांबून राहिला. जे सांगायचे नाही ते देवाला कळतेच, अशी त्याची समजूत. दोन रांगा पुढे एल्डर बसले होते, मुलीसोबत. त्यांच्या कोटाच्या कॉलरमधून लाल लोकर डोकावत होती.

पोलो ग्राउंडजवळच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमकडे जाणारी वाट लाल झाली होती. गंमत म्हणजे लाजाँगचाही रंग लाल. त्यामुळे कोण कुणाचा, हे गाणे सुरू झाल्यावरच कळे. रांगेत मागे उभ्या असलेल्या खासी आजोबांनी क्वाइ पुढे केली. खासी लोकांची क्वाइ आणि मिझोंचा कुहवा यात नावापलीकडे फारसा फरक नाही. "लांबून आलात," ते मोडक्या हिंदीत म्हणाले. "पण आज तुम्हाला हरवू." त्याने क्वाइ तोंडात टाकली आणि "खुबलेइ" म्हटले. आभाराचा हा एकच खासी शब्द त्याला येत होता.

मैदानावर मुंबईचाही एक धागा होता. ऐझॉलचा प्रशिक्षक खालिद जमील हा मुंबई एफसी सात हंगाम सांभाळून आलेला माणूस, अबोल आणि सतत काळजीत दिसणारा. (हाच पुढे २०२५ मध्ये भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला.) मुंबईचा जयेश राणे संघात होता, गोलात गोव्याचा अल्बिनो गोम्स. त्यांच्या जोडीला सीरियाचा अल आमना, लायबेरियाचा जर्यान आणि ऐझॉलच्या डोंगरांत वाढलेली पोरे. मोठ्या क्लबांनी यांच्यासाठी थैल्या सोडल्या नव्हत्या.

नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल केला. त्या हंगामात सर्वांत जास्त गोल करणारा खेळाडू, त्याला मोकळे सोडायचेच नव्हते. स्टेडियम उसळले. मिझो गोटात मात्र अशी शांतता पसरली, की खाली प्रशिक्षकाची हाक ऐकू यावी. मामेभाऊ मोबाइलवर कोलकात्याचा आकडा शोधत होता.

"बघू नकोस," तो म्हणाला.

"कळायला नको?"

"इथलं इथे झालं, तर तिथलं कळायची गरज नाही."

मध्यंतरापर्यंत ०-१. सगळे उठून चहाला गेले. तो बसूनच राहिला. वडिलांचे पुआन त्याने खांद्याभोवती ओढून घेतले. आता त्याच्या मनात नको ते यायला लागले. आपण आलो म्हणून तर नव्हे? इतकी वर्षे रविवार पाळला आणि नेमका आज मोडला. शिकलेला माणूस, संभाव्यता शिकवतो, तरी हा विचार त्याच्या मानेवर बसला तो उतरेना. अशा वेळी शिक्षण कुठे जाते कोण जाणे! आई आता काय करत असेल? उपासना आटोपून घरी आली असेल. टीव्हीवर कापड असेल.

दुसऱ्या अर्धात ऐझॉलने दाबून खेळायला सुरुवात केली. चेंडू जाई, परत येई, पुन्हा जाई. पन्नास मिनिटे झाली, साठ झाली. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने चेंडू जाळ्यात घातला. पुढचे काही क्षण त्याला आजही नीट आठवत नाहीत. एवढे आठवते, की मामेभाऊ त्याच्या पाठीवर चढला होता, आणि चार पायऱ्या खाली एल्डर दोन्ही हात वर करून उभे होते आणि मफलर त्यांच्या डोक्यावर पडला होता.

मग उरलेली तेवीस मिनिटे. कसोटीत शेवटची जोडी दिवस काढायला खेळते, तेव्हा घराघरांत जो जीव टांगतो, तसेच ते. लाजाँगचा प्रत्येक हल्ला छातीवर येत होता. तो घड्याळ पाहत नव्हता, तो मैदानही पाहत नव्हता. आपल्या बुटांवरचा सोनापूरचा वाळलेला चिखल तो नखाने खरवडत बसला होता. शिट्टी झाली. १-१. कोलकात्यात बागानने चेन्नई सिटीला २-१ हरवले होते, पण त्याचा आता उपयोग नव्हता. ऐझॉल ३७, बागान ३६.

माणसे रडत होती, काही हसत होती. कुणीतरी स्तोत्र सुरू केले आणि सगळ्यांनी ते उचलले. खासी आजोबा गर्दीतून वाट काढत आले आणि काही न बोलता त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

रात्री मामेभावाच्या खोलीतून त्याने घरी फोन लावला. आई उशिरा फोन उचलते. आज पहिल्याच घंटीला उचलला.

"पोचलास नीट?"

"सकाळीच. उपासनेला गेलो होतो, नू."

"थंडी होती?"

"होती. पुआन घेतलं होतं."

पलीकडे बाहेरून कुठूनतरी पुष्कळ माणसांचा आवाज येत होता. रविवारच्या रात्री ऐझॉलला एरवी कुत्रे भुंकलेले ऐकू येते.

"एवढी माणसं कसली?" त्याने विचारले.

"कोण जाणे. सगळे रस्त्यावर आलेत," आई म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, "कितव्या मिनिटाला झाला?"

"उद्या सकाळी चहाच्या वेळी फोन करून सांगतो."

"आत्ताच सांग," आई म्हणाली. "तुझ्या वडिलांना मी उद्या सांगेन."