दौंडचा रेल्वेमार्ग, रांजणगावचे इंजिन आणि थकणारे पोलाद

१/ डिसेंबर १८५८. पुण्याहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग दौंडवरून डिकसळपर्यंत खुला झाला. त्याच वर्षी प्रशियात ऑगस्ट वोलर हा रेल्वे अभियंता धावत्या गाडीच्या आसांवर किती ताण येतो, याची मोजमापे प्रसिद्ध करीत होता. त्याला दौंड ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु दौंडवरून जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा जीव त्याच्याच प्रश्नावर टांगलेला होता : फिरता आस केव्हा तुटतो?

२/ या प्रश्नामागे मोठा अनर्थ होता. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग भडकली. दारे बाहेरून बंद होती. पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

३/ आस रोज तोच भार वाहत होता. मग त्याच दिवशी का तुटला? १८४३ मध्ये स्कॉटिश अभियंता रँकिन याने तुटलेल्या आसांचे निरीक्षण मांडले. आसाची जाडी जेथे एकाएकी बदलते, त्या तीक्ष्ण कोपऱ्यात भेग जन्मते आणि कणाकणाने आत सरकते. त्या कोपऱ्याला गोलाई देणे, हा त्यावरचा उपाय.

४/ पुणे ते दौंड सुमारे ७५ किलोमीटर. ९१५ मिलिमीटर व्यासाचे चाक तेवढ्यात २६ हजार फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात आसाचा वर आलेला भाग ताणला जातो, खाली गेला की दाबला जातो. वोलरने प्रयोगांनी दाखवले की एका झटक्यात न तुटणारा आस लाखो वेळा उलटसुलट ताण सोसून तुटतो. मात्र ताण ठरावीक मर्यादेखाली राहिला, तर पोलाद दीर्घकाळ टिकते.

५/ दौंडच्या शेजारी शिरूर तालुका. तेथील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मोटारींची इंजिने बनली. इंजिनाच्या क्रँकशाफ्टमध्येही प्रत्येक वळणाचा कोपरा गोल ठेवावा लागतो. आस बदलला, नियम तोच राहिला.

६/ या नियमाची कठीण परीक्षा म्हणजे अनेक रोटरांचे व्हँकेल इंजिन. प्रत्येक रोटरसाठी एक स्थिर दातेचक्र शाफ्टभोवती ओवावे लागते. रोटर दोन असतील, तर ती चक्रे दोन्ही टोकांकडून ओवता येतात. तिसरा रोटर आला, की मधले चक्र शाफ्टच्या फुगीर, विकेंद्री भागावरून पुढे सरकत नाही. चक्राचे भोक मोठे करायला जागा नाही, शाफ्ट बारीक करावा तर बळ घटते. म्हणून शाफ्टचे तुकडे करून ते निमुळत्या सांध्यांनी घट्ट जोडतात. त्या सांध्यांतून पिळाचा जोर पार व्हावा लागतो, आणि लांबलेला शाफ्ट वाकतोही अधिक. १९९१ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दा ७८७बी या मोटारीच्या चार रोटरांचा शाफ्ट असाच जोडलेला होता.

७/ पूर्वी जंक्शनावर गाडी थांबली, की तपासनीस चाकांवर हातोडी मारून नाद ऐकत असे. आज कार्यशाळेत आसात श्राव्यातीत ध्वनी सोडून तपासणी होते. साधने बदलली; शोध मात्र त्याच भेगेचा आहे, जी रँकिनने तुटल्यानंतर पाहिली आणि जी तुटण्याआधी सापडायला हवी.