उदाचा गंध

मोगऱ्याच्या अत्तराशी स्नेह जुळण्यास क्षणही लागत नाही. उदाचे तसे नाही. हिमायतनगरच्या बाजारात ईदेच्या सुमारास अत्तरवाल्याने उदाची काडी मनगटावर फिरविली, की प्रथम जुने कातडे, ओले लाकूड आणि किंचित गोठा यांचाच भास होतो. परंतु घटकाभर थांबावे. तोच वास हळूहळू मधासारखा गोड व धुरासारखा गंभीर होतो, आणि दुसऱ्या दिवशीही सदऱ्याच्या बाहीत रेंगाळतो.

'हा गंध आपला नव्हे,' असे आमचे काही स्नेही म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. हा आसामातील अगरू वृक्ष. निरोगी झाडाच्या लाकडास वास असा नसतोच. खोडास जखम होऊन बुरशी शिरली, म्हणजे ते स्वसंरक्षणार्थ काळसर राळ धरते. तीच हा सुगंध. तिच्या लोभाने इतकी झाडे तुटली, की १९९५ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. कालिदासाचा रघू लौहित्य नदी ओलांडतो, तेव्हा त्याचे हत्ती याच कृष्णागरूच्या झाडांस बांधलेले असतात.

'ऊद' हे नाव मात्र अरबी. अर्थ, नुसते लाकूड. तेच 'उदबत्ती' होऊन आमच्या देवघरात रोज दरवळते. तिच्यात अगरू आता क्वचितच असतो, नाव मात्र राहिले आहे. आमच्या गावासही वाढोणा आणि हिमायतनगर अशी दोन नावे आहेत. येथील श्रीपरमेश्वरास त्यांपैकी कोणतेही परके वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही.