मुरायची वाट

धर्मापुरीत पौषातल्या पहाटे लोणी वाटीत घट्ट बसतं. एरवी ते ताकातून काढेपर्यंत पाघळायला लागतं, म्हणून मी या थंडीवर डोळा ठेवून असते. व्हिएन्नाकडची चंद्रकोरी बिस्किटं, व्हॅनिला किप्फेर्ल, गार लोण्याशिवाय जमत नाहीत.

२८० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम बदामाची पूड, ८० ग्रॅम साखर. अंडं नाही, त्यामुळे सासूबाईंची हरकत नाही. बदाम कमी पडले की शेंगदाण्याचा बारीक कूट घालते. व्हिएन्नातल्या आज्या नाक मुरडतील, पण अक्रोड त्यांनाही चालतोच की! गोळा तासभर गार ठेवायचा, मग बोटाएवढ्या वळ्या करून वाकवायच्या. सासूबाईंचा हात करंजीवर तयार झालेला. त्यांच्या कोरी माझ्याहून सुबक. ओव्हनमध्ये १७५ अंशांवर बारा मिनिटं, कडांवर जेमतेम रंग चढेपर्यंत. गरम असतानाच व्हॅनिलाच्या पिठीसाखरेत घोळवायच्या. हात जड पडला तर तुकडे.

१६८३ साली तुर्कांचा वेढा उठल्यावर त्यांच्या झेंड्यावरची कोर व्हिएन्नाच्या भटारांनी पिठात उतरवली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट झकास आहे, पण किप्फेर्लचा उल्लेख त्याच्या कितीतरी आधीचा सापडतो.

खरी कसोटी पुढे असते, थांबण्याची. आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात. जरा गार झाली की तिची किंमत उतरली. तिकडच्या भट्टीचा बराचसा माल उलट्या चालीचा. लिन्झर टोर्टची १६५३ सालची पाककृती आडमाँटच्या मठात सापडली. सुक्या मेव्याच्या पिठात मुरंबा, वर पिठाच्याच पट्ट्यांची जाळी. मुरंबा पिठात उतरला की दुसऱ्या दिवशी टोर्टला खरी चव येते. श्प्रिंगर्ले नावाची बिस्किटं लाकडी साच्यावर दाबून रात्रभर सुकत ठेवतात, म्हणजे भाजताना वरचं चित्र फुटत नाही. आमच्या गावातल्या केदारेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहताना मला त्या साच्यांची हाव सुटते. ज्या गावात दगड असा कोरला गेला, तिथं लाकडाचा एक साचा कोरून द्यायला कुणी सुतार मिळू नये?

लेबकुखेन या मसालेदार बिस्किटांचं मधातलं पीठ तर पूर्वी आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायचे. त्यातली वेलची, लवंग, दालचिनी जर्मनीतल्या न्युर्नबर्गला पोचायची ती पूर्वेकडून, समुद्र ओलांडून. म्हणजे आमच्या मसाल्याच्या डब्याला त्यात नवीन काही नाही. नवीन आहे ते डबा बंद करून गप्प बसणं. दिवाळीचा फराळ आम्ही आधी करून ठेवतो खरा, पण लक्ष्मीपूजनापर्यंत चकल्यांचा डबा अर्धा झालेला असतो, आणि दोष उंदरावर जातो.

लेबकुखेन कडक झाले तर डब्यात सफरचंदाची फोड ठेवतात. तिच्या ओलाव्यानं ते मऊ पडतात. सफरचंद घरात नव्हतं तेव्हा मी पेरूची फोड ठेवली. अख्ख्या डब्याला पेरूचा वास लागला. सासूबाई म्हणाल्या, "आता कुठं याला चव आली!" आणि आणखी दोन उचलले.