गोदावरीवरील धनुष्ये

त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या अंगावर जिची धार ओंजळीत मावते, ती गोदावरी आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीस पोचते तेव्हा तिचा पैलतीर धूसर दिसू लागतो. अकराव्या शतकात राजराज नरेंद्राच्या आश्रयाने नन्नय्याने तेलुगू महाभारताची रचना आरंभिली, ती याच नगरीत. येथे मराठी प्रवाशाला आपलीच नदी नव्या थाटात भेटते. आणि तिच्यावर ओळीने उभ्या असलेल्या काँक्रीटच्या कमानी पाहून तो थबकतो.

एवढे विशाल पात्र बांधून काढणे सोपे नव्हते. पहिल्या रेल्वेपुलाचे काम १८९७ साली सुरू झाले. वॉल्टन या अभियंत्याच्या देखरेखीखाली दगडी खांबांवर ५६ लोखंडी गाळे चढले व १९०० साली गाड्या धावू लागल्या. मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर हॅवलॉक यांचे नाव या पुलास मिळाले. १९७४ साली वर रस्ता व खाली लोहमार्ग असा दुसरा पूल झाला. तथापि पहिला पूल आता थकला होता. त्याची जागा घेण्यासाठी १९९१ मध्ये कमानींच्या पुलाचे काम सुरू झाले व १९९७ मध्ये ते पूर्ण झाले. मुंबईच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने तो बांधला. त्याची लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर असून त्यात प्रत्येकी ९७.५५ मीटरांचे २८ गाळे आहेत.

या पुलाची युक्ती समजावून घेण्यासारखी आहे. कमानीवर भार पडला की तिचे दोन्ही पाय बाहेर फाकू पाहतात. डोंगराच्या खिंडीत हा रेटा दोन्ही बाजूंचे कडे सोसतात. भर नदीतील उंच खांबांवर तो टाकणे धोक्याचे. म्हणून येथे कमानीची दोन्ही टोके खालच्या तुळईने जखडली आहेत. कमान हे धनुष्य, तर तुळई ही त्याची प्रत्यंचा! कमानीपासून लोंबणारे पोलादी दोर तुळईस पेलून धरतात आणि त्या तुळईवरून गाडी जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण पडताच तडकते. यास्तव तुळईतील पोलादी तारा आधीच ताणून काँक्रीटला दाबून धरलेले असते.

सायंकाळी घाटावर बसले असता पुलावरून गाडी जाते, खिडकीतून एखादे नाणे पाण्यात पडते आणि कुणाचे तरी हात जोडले जातात. शेजारी हॅवलॉक पूल मुका उभा असतो. १९९७ साली त्यावरील वाहतूक थांबली. पण सत्त्याण्णव वर्षे लक्षावधी जिवांचा भार त्याने वाहिला, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

गुरू सिंह राशीत येतो तेव्हा नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो आणि इकडे गोदावरीचे पुष्करम्. २००३ व २०१५ साली दोन्ही तीर्थांवर यात्रेकरूंची दाटी झाली होती. भाषा निराळ्या, नदी एकच. तिचे दोन काठ पुलाने जोडले. उगम आणि मुख मात्र तिने स्वतःच केव्हाचे जोडून ठेवले आहेत.