केडलस्टनचा वाडा

काही वर्षांपूर्वी डर्बीला पुतणीकडे राहायला गेलो होतो. तिथे असताना विलायतेतले एखादे सरदारी घर पाहावे असे मनात आले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, वाडेच पाहायचे तर सातारा काय वाईट होता?" पण मोटार पुलावरून वळली, हिरवळीच्या उतारावर केडलस्टन हॉल दिसला आणि त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे कुठेतरी पाहिलेय हो!"

पाहिले होतेच, कलकत्त्याला! वेलस्लीने १८०३ मध्ये पुरे केलेले तिथले गव्हर्नमेंट हाऊस याच घरावरून बेतलेले. मूळ घराला चार पंख काढायचे होते. बांधून झाले दोनच. नकलेला मात्र चारही लाभले. हिंदुस्थानच्या पैशाला कसली आली कमतरता! पुढे १८५९ मध्ये या घरात जन्मलेला जॉर्ज कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन त्या नकलेत राहायला गेला.

वाड्याचे काम १७५९ मध्ये सुरू झाले. पुढे ते रॉबर्ट अ‍ॅडमच्या हाती आले. आतल्या दिवाणखान्यातले वीस उंच खांब पाहून मान दुखू लागली, पण मन निवले. तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काका, इथे पूर्वी गाव होते. घरासाठी ते उचलून पलीकडे नेले." ऐकले आणि खांबांवरचा जीव थोडा उडाला.

खालच्या मजल्यावर कर्झनने पूर्वेकडून नेलेल्या वस्तू आहेत. तिथेच लेडी कर्झनचा मोराच्या पिसांचा झगा होता. १९०३ च्या दिल्ली दरबारातला. जरीची पिसे आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचे हिरवे चमचमते पंख! भरतकाम दिल्ली-आग्र्याच्या कारागिरांचे, शिलाई पॅरिसची. दरबाराच्या तीनच वर्षे आधी मुंबई इलाख्यात माणसे दुष्काळाने मरत होती, हे मी पुतणीला सांगू लागलो.

पण सौभाग्यवतींचे लक्ष नव्हते. त्यांच्या आईने लोकांचे कपडे शिवून चार मुले वाढवली होती. काचेला नाक लावून त्या टाके पाहत होत्या. "कंदिलाच्या उजेडात केले असेल का हो हे?" त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

निघताना वाड्याला लागून असलेल्या चर्चमध्ये शिरलो. गाव गेले, पण जुने चर्च जागीच राहिले. आत कर्झन पतिपत्नी पांढऱ्या संगमरवरात शेजारी शेजारी निजलेली. मी मनात वंगभंगाचा हिशेब मांडत होतो. ताजमहालाची डागडुजी करवणाराही हाच, म्हणून तो काही जुळेना.

सौभाग्यवती लेडी कर्झनच्या पायाशी उभ्या होत्या.

"केवढी होती ग ही?"

"छत्तीस वर्षांची," पुतणी म्हणाली. "१९०६ मध्ये गेली. मागे तीन मुली."

"अगबाई!" म्हणत त्यांनी पदर सावरला. मोटारीत बसेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "झगा फार जड असेल नाही?"